वगळलेल्यांना विचारून

माझे यजमान गेले त्यानंतरच्या दिवसांत चेन्नईत आमच्या वेलचेरीच्या फ्लॅटमधल्या जेवणाच्या टेबलावर ऑस्ट्रेलियाच्या एका रग्बी संघाचा पुढचा मुख्य प्रशिक्षक निवडण्याचं काम चालू होतं. हे वाक्य लिहून मी पुन्हा वाचलं. विचित्र वाटतं, पण तसंच घडलं.

आमची मुलगी तिकडे क्रीडा मानसशास्त्र शिकली आणि तिकडेच नोकरीला लागली. तिथल्या राष्ट्रीय संघांना, पुरुषांच्या आणि बायकांच्याही, नवे प्रशिक्षक हवे होते. त्यातल्या एका संघासाठी नेमलेल्या निवड समितीत ती वयाने सर्वांत लहान होती. नावं गाळत गाळत तीन उमेदवार उरले होते आणि तेवढ्यात तिचे अप्पा गेले. समितीच्या प्रमुख बाई तिला म्हणाल्या, तू हे काम सोड, घरी जा. ती घरी आली, पण काम सोडलं नाही.

"नुसती बसून राहिले तर मला वेड लागेल, आई," ती म्हणाली. "दिवसातून दोन तास. दार लावून घेईन."

दार लावण्यासारखी खोली आमच्याकडे नव्हती. आतल्या खोलीत तिची आत्या, म्हणजे माझी नणंद, उतरली होती. तिला आम्ही सगळे अक्काच म्हणतो. दुसऱ्या खोलीत क्रियेचं सामान होतं. म्हणून लॅपटॉप हॉलमध्ये, जेवणाच्या टेबलावर. मी कोपऱ्यात पुस्तकांच्या कपाटापाशी चटईवर. नव्या विधवेने कुठे बसायचं हे आमच्या लोकांत फारसं विचारत नाहीत, बसवतात. मला ते बरंच वाटलं. मी आयुष्यभर एका कॉलेजच्या ग्रंथालयात कोपऱ्यात बसूनच काम केलं आहे.

त्या कोपऱ्यातून मी तिचं काम ऐकलं. मला वाटलं होतं, प्रशिक्षक निवडायचा म्हणजे त्याने किती सामने जिंकले ते पाहायचं. ती म्हणाली, ते पाहायला दुसरी माणसं आहेत. तिच्याकडे एकच गोष्ट होती. प्रत्येक उमेदवाराने आजवर ज्या खेळाडूंना संघातून वगळलं होतं, त्यांना शोधून ती फोन करायची.

"तुम्हाला घेत नाही हे तुम्हाला कुणी सांगितलं?" ती विचारायची. "कुठे सांगितलं? तेव्हा तुम्ही उभे होतात की बसलेले? सांगून झाल्यावर तो तिथे किती वेळ थांबला?"

आणि माणसं सांगत. दारासारखे रुंद खांदे असलेली माणसं. कुणी आता शाळेत शिकवतो, कुणी मेंढ्या पाळतो. एकाला आपण त्या वेळी कुठल्या रंगाच्या भिंतीकडे पाहत होतो तेही आठवत होतं. मी पदर तोंडाशी धरून ऐकत राहायचे. पंधरा जणांना मैदानात उतरवणारा एक माणूस निवडायचा, तर त्यासाठी बाहेर राहिलेल्यांना इतक्या आदराने विचारणारी माणसं या जगात आहेत, आणि त्यातली एक माझ्या पोटची आहे, हे मला माहीत नव्हतं.

त्याच लॅपटॉपवर परगावचे नातेवाईक समाचाराला येत. सिंगापूरहून, अमेरिकेहून. ठरलेल्या वेळी पडद्यावर एक चेहरा उमटे, खाली पाहून गप्प बसे. मग अक्का त्याच्यासमोर बसून आपला भाऊ कसा गेला ते सांगे. ताप किती होता, डॉक्टर काय म्हणाले. अक्काने मैलापूरच्या एका शाळेत सारी नोकरी गणित शिकवण्यात घालवली. मृत्यूही ती पायरी पायरीने सांगायची. रडायची मात्र नाही. डबा कुणाकडून येणार, वाध्यारांना, म्हणजे क्रिया सांगणाऱ्या भटजींना, काय लागणार, सगळं तीच पाहत होती.

आठव्या दिवशी सकाळी मुलीची एका उमेदवाराशी मुलाखत होती. दोघंच बोलणार होते. तिने लॅपटॉप उघडून ठेवला आणि तेवढ्यात वाध्यारांचा खालून फोन आला. दहाव्याच्या यादीत काही बदल होते आणि लिफ्ट बंद होती. गुडघ्यांमुळे त्यांना चार मजले चढवेनात. "पाच मिनिटांत आले," म्हणत ती जिना उतरून गेली. उमेदवार वेळेच्या आधीच हजर झाला. पडद्यावर पन्नाशीचा, भाजल्यासारख्या लाल कातडीचा एक गोरा माणूस दिसू लागला. समोर कुणी नाही असं पाहून तो मान खाली घालून वाट पाहत बसला.

अक्का न्हाऊन बाहेर आली. तिला दिसला तो मान खाली घालून बसलेला माणूस. तिने ओले केस मागे बांधले, खुर्ची ओढली आणि समोर बसली.

"लांबून आलात," ती इंग्रजीत म्हणाली. तिचं इंग्रजी फळ्यावर लिहिल्यासारखं, प्रत्येक शब्द सुटा. "मी त्याची मोठी बहीण."

त्या माणसाने वर पाहिलं. अक्काच्या मागे कपाटावर ह्यांचा फोटो होता, त्याला हार होता. त्याने तो पाहिला असावा. काहीतरी बोलायला उघडलेलं तोंड त्याने मिटलं आणि मग फक्त, फार वाईट झालं, असं म्हणाला.

मी उठून सांगायला हवं होतं. दोनदा जमिनीला हात टेकला. पण तोवर अक्का बोलू लागली होती, आणि ती तापाचं सांगत नव्हती. आठ दिवसांत कुणाला सांगितलं नव्हतं ते सांगत होती.

"सहा वर्षांनी लहान माझ्याहून. मी त्याला चालायला शिकवलं. शाळेत त्याला कबड्डीचं वेड. दर वर्षी यादीत नाव यायचं आणि दर वर्षी मैदानावर गेल्यावर याला बाहेर बसवायचे. सगळ्यांच्या चपला सांभाळ म्हणायचे. आधी कुणी सांगायचं नाही हो. हा नवी चड्डी घालून जायचा."

"मग त्यांना कुणी सांगितलं?" त्या माणसाने विचारलं. त्याने विचारलेलं ते एवढंच.

"मी. एका वर्षी मी आधीच जाऊन पी.टी. मास्तरांना गाठलं. मग घरी येताना याला देवळाच्या तळ्याच्या पायऱ्यांवर बसवलं आणि सांगितलं, उद्या तू नाहीस. बरं म्हणाला. मग म्हणाला, आपण इथेच जरा बसू या. बसलो. घरी उशीर झाला म्हणून मला बोलणी बसली. मी कारण सांगितलं नाही."

आणि अक्का रडली. तोंड न झाकता, मोठ्याने. पडद्यावरचा माणूस इकडे तिकडे पाहू लागला नाही, घड्याळाकडे वळला नाही, पाणी प्याला नाही. तो तिच्याकडे पाहत राहिला. दारात धापा टाकत माझी मुलगी उभी राहिली तेव्हा वीस मिनिटं झाली होती.

"ये, ये," अक्का डोळे पुसत म्हणाली. "तुझ्या आफिसातले आलेत समाचाराला. बोलत फार नाहीत, पण मनाने चांगले आहेत." मग ती पडद्याकडे वळून हात जोडून उठली. त्या माणसाने, पुन्हा भेटू, असं म्हटलं. आत जाता जाता अक्का मला हळूच म्हणाली, "दुःखाच्या घरी पुन्हा भेटू म्हणतात का गं? पावम, बिचारे, त्यांना कोण सांगणार."

मुलाखत झाल्यावर मुलीने तिला खरं काय ते सांगितलं. अक्का कपाळाला हात लावून बसली.

"अय्यो! इंटरव्ह्यू? म्हणजे मी तुमच्या देशाच्या कोचसमोर रडले?"

"अजून कोच झाला नाही तो, आत्या."

"मग मार्क मी देते. दहातले नऊ. एक त्या 'पुन्हा भेटू'चा कापला."

आम्ही तिघी हसलो. आठ दिवसांत पहिल्यांदा. हसताना मी मनात त्या माणसाला नेमूनही टाकलं. स्वतःच्या नसलेल्या दुःखापाशी जो वीस मिनिटं बसला, त्याच्या हाती पंधरा काय, हवे तेवढे लोक द्यावेत.

दुसऱ्या दिवशी ती अहवाल लिहायला बसली आणि दुपारपर्यंत पान कोरंच राहिलं. मी विचारलं, "यात अवघड काय आहे? तो ऐकत बसला ते सगळ्यांनी पाहिलं."

"तेच अवघड आहे." तिने चष्मा काढला. "बाकीच्या दोघांसमोर आत्या बसली नव्हती ना. आणि आई, परक्या म्हातारीचं ऐकणं त्यातल्या त्यात सोपं असतं. रोज ज्याच्याबरोबर घाम गाळला त्याला तू नाहीस म्हणून सांगणं वेगळं. याने वगळलेल्या पाच जणांशी मी बोलले. त्यातल्या दोघांना याने फोनवर मेसेज पाठवून कळवलं होतं. तो दुसरा उमेदवार आहे ना, तो कोरडा आहे, मुलाखतीत सारखा घड्याळ पाहत होता. पण प्रत्येकाच्या घरी गाडी चालवत गेला होता तो. प्रत्येकाच्या."

ह्यांचं संपलं त्या सकाळी इस्पितळाच्या बाकावर बसून मी मुलीला फोन लावला नव्हता. आवाज फुटेल अशी भीती वाटली. "अप्पा गेले" एवढे दोन शब्द टाइप केले आणि पाठवले. कदाचित म्हणूनच त्या माणसाची बाजू घ्यावीशी वाटत होती मला.

"मीही तुला मेसेजच केला," मी म्हणाले.

"हो." तिने चष्मा पुन्हा लावला. "मी ट्राममध्ये होते. दाराशी उभी. पुढच्या थांब्यावर उतरायचं होतं. उतरले नाही. शेवटच्या थांब्यापर्यंत गेले." मग म्हणाली, "मी तुला दोष देत नाही आई. पण कसं वाटतं ते मला माहीत आहे, आणि हे माहीत असताना मी त्या दोघांचं म्हणणं हलकं करून लिहू शकत नाही. उलट भीती हीच आहे की त्यामुळे जड करून लिहीन."

तिने प्रमुख बाईंना सगळं कळवलं: आत्याची चूक, तो ऐकत बसला ते, आणि मी तिला पाठवलेला मेसेज. मी नि:पक्षपाती राहिले आहे की नाही मला सांगता येत नाही, मला बाजूला करा, असंही लिहिलं. हे काम मिळवायला तिने काय केलं होतं ते मला ठाऊक होतं. उत्तर यायला एक अख्खा दिवस गेला. त्या दिवशी दहावा होता. समुद्रावरून परत येतानाही ती ऑटोत फोन हातात घट्ट धरून बसली होती.

उत्तर दोन ओळींचं होतं. झालं ते जसंच्या तसं लिही, गुण देऊ नकोस. तुझ्या नोंदी आणखी दोघे जण तपासतील. तिने तसंच लिहिलं. अक्काचं रडणं त्या अहवालात चार ओळींत आहे. मी वाचलं. त्यात एकही विशेषण नव्हतं.

तेरावा झाला, नातेवाईक गेले. नंतर दोन दिवसांनी निर्णय आला. तो कोरडा माणूस निवडला गेला होता. माझ्या मुलीच्या पानांमुळेच असं नाही, इतरांची पुष्कळ पानं होती. पण तिचं काम संपलं नव्हतं. ज्याला नाही म्हणायचं त्याला मुलाखत घेणाऱ्यानेच समोरासमोर सांगायचं, बातमी बाहेर पडायच्या आधी, हा नियम समितीला तिनेच सुचवला होता.

"लिहून पाठवलंस तरी तो समजून घेईल," मी म्हणाले. मला त्याचा चेहरा पुन्हा पाहायचा नव्हता.

तिने मान हलवली. साडी नेसली, केस बांधले, पाठ ताठ करून बसली. तो पडद्यावर आला तेव्हा हवापाण्याचं काही न बोलता पहिल्याच वाक्यात तिने सांगितलं, तुमची निवड झालेली नाही.

तो काही बोलला नाही. तीही नाही. आमच्याकडे अशा वेळी लगेच कुणीतरी म्हणतं, जाऊ द्या, त्यातही काही चांगलं असेल. तिने ते शांत राहणं भरून काढलं नाही. रस्त्यावर शेअर ऑटोवाल्याची हाक ऐकू आली, वरच्या मजल्यावर मिक्सर चालू होऊन बंद झाला. तिची नजर हलली नाही. शेवटी त्याने, का, असं विचारलं. तिने त्या दोन मेसेजचं सांगितलं.

"कोण दोघं ते मला माहीत आहे," तो म्हणाला. मग म्हणाला, "तेव्हा मला भीती वाटली होती."

"हो," ती म्हणाली. "मला वाटलंच."

आणखी काही काळ ते दोघं तसेच बसले. त्याने आधी बंद केलं. तिने नाही.

मी लेकीकडे पाहत होते. तिला मी चालायला शिकवलं, अक्षरं शिकवली. हे मी शिकवलेलं नव्हतं. देवळात गाभारा उघडला की क्षणभर हात जोडायचं भान राहत नाही, तसं झालं होतं मला. तिच्या ब्लाउजची पाठ घामाने भिजली होती. मी चटईवरून उठले, तिच्या समोरच्या खुर्चीत बसले, आणि त्या सकाळी काय झालं ते तिला तोंडाने सांगायला लागले. सहा वाजता ह्यांनी पाणी मागितलं, तिथपासून.