मोरीतलं खरकटं ताट

आमच्या घरात जेवण झालं की ताट लगेच घासलं जायचं. अण्णा, म्हणजे माझे वडील, घनपाठी वैदिक. वेदातले शब्द पुढेमागे, उलटसुलट गुंफून म्हणायची ती विद्या त्यांनी लहानपणी मार खाऊन कमावलेली. अशा घरात उष्टं ताट पडून राहणं कुणाला खपलंच नसतं. लग्न न करता त्यांच्यापाशी राहिलेली माझी थोरली बहीण, ताई, या बाबतीत अण्णांपेक्षाही कडक होती.

त्या रविवारी दुपारी मी गेलो तर मोरीत अण्णांचं ताट तसंच पडलेलं. वरणभात वाळून कडेला चिकटलेला, लिंबाची चोखलेली फोड, वर माशा.

"ताई, काय हे? घाणीत ठेवतेस त्यांना?"

"तुझ्यासाठी ठेवलंय," ती म्हणाली. "सकाळी दहाला जेवलेत. सबूत पाहिजे ना तुला? बघून घे."

आदल्या रविवारी अण्णांनी मला जवळ बोलावून हळूच सांगितलं होतं, "ही मला जेवायला देत नाही." मी ताईला जाब विचारला, तर ती म्हणाली, "जेवून हात धुतले की विसरतात रे ते. मलाच विचारतात, आज पानं कधी वाढणार म्हणून." मला ते पटलं नव्हतं. अण्णा वाळले होते, गळ्याची हाडं वर आली होती. आणि आता हे ताट. ते बघून माझ्या मनात इतकंच आलं की ही बाई घराकडे बघेनाशी झाली आहे. तिने आयुष्यभराचा नेम मोडून माझ्यापुढे जे ठेवलं, ते मी तिच्याच विरुद्ध धरलं.

मी इंटर कॉलेजात, अकरावी-बारावीला, भौतिकशास्त्र शिकवतो. वर्षाच्या पहिल्या तासाला मुलांना सांगतो की आपलं म्हणणं खरं ठरवणारा प्रयोग कुणीही करतो. खोटं ठरवू शकेल असा एक तरी करून बघा. हे मी इतकी वर्षं सांगतोय की सांगताना आता मला ऐकूही येत नाही.

प्रयोग मीही केला. अण्णांसमोर बसलो आणि संहितेतल्या मधल्याच एका ऋचेचं पहिलं पद उच्चारलं. अण्णांची पाठ ताठ झाली. त्यांनी डोळे मिटले, हात स्वरांबरोबर वरखाली होऊ लागला आणि घन सुरू झाला. अर्धा तास. एक स्वर घसरला नाही, एक पद मागचं पुढे झालं नाही. मला घन येत नाही, पण चूक कळण्याइतकं कानावर पडलेलं आहे. चूक नव्हती.

मी ताईकडे वळलो. खरं सांगायचं तर मला आनंद झाला होता. "हे विसरणारं डोकं आहे?"

ती दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. "त्यांना विचार, आज सकाळी काय जेवले."

मी विचारलं नाही. एवढा एक प्रश्न होता. अण्णा समोर होते, ताट मोरीत होतं, उत्तर ताडून बघायला मिनिटही लागलं नसतं.

का विचारलं नाही, हे मला आज माहीत आहे आणि ते सांगायची लाज वाटते. मी शहराच्या दुसऱ्या टोकाला, विद्यापीठाच्या बाजूला राहतो. आठवड्यातून एकदा जायचं, चहा प्यायचा, परत यायचं. नदीकाठी बालाजी घाटाच्या वरच्या त्या दोन खोल्यांत ताई एकटी सगळं करत होती आणि भेटणारा प्रत्येक जण मला ते ऐकवायचा. ताईच वाईट निघाली तर माझं ओझं उतरणार होतं. माझा निकाल आधीच लागला होता. पुरावे मी नंतर गोळा केले.

त्याच संध्याकाळी अण्णांना मी माझ्याकडे घेऊन गेलो. शेजारचे दारात उभे असताना ताईला म्हणालो, "म्हाताऱ्या बापाच्या तोंडचा घास काढलास तू." ती आत गेली आणि ताट घासायला लागली. थोड्या दिवसांनी ती जबलपूरला आमच्या मावसबहिणीकडे निघून गेली. इकडे गणपतीत या हिंदी मुलखातली आपली मराठी मंडळी जमली, तेव्हा ताई कुठे म्हणून विचारणाऱ्या प्रत्येकाला मी गोष्ट सांगितली. नको नको म्हणत सांगितली, म्हणजे ती जास्त खरी वाटते.

गणपती उठले त्याच आठवड्यात एका सकाळी अण्णा माझ्यासमोर पोटभर जेवले, श्रीखंडही दोनदा मागून घेतलं. हात धुऊन व्हरांड्यात गेले आणि दूधवाल्याला म्हणाले, "भैया, बहू खाना नहीं देती."

माझी बायको हातातली पळी तशीच धरून माझ्याकडे बघत राहिली. "आता मला कुठे पाठवणार?" तिने विचारलं.

दवाखान्यात नेलं तेव्हा डॉक्टरांनी अण्णांना घड्याळाचं चित्र काढायला सांगितलं. अण्णांनी गोल काढला आणि सगळे आकडे एकाच बाजूला दाटीने लिहिले. मी अजूनही भांडत होतो. म्हटलं, यांना अख्खी संहिता येते, उलटीसुद्धा.

"वह तो सबसे आख़िर में जाएगा, मास्टर साहब," डॉक्टर म्हणाले. "सुबह क्या खाया, यह पूछा कभी?"

मी ताईला फोन केला. डॉक्टर काय म्हणाले ते सगळं सांगितलं, चुकलो म्हणालो. ती मग म्हणाली, "डॉक्टरने सांगितलं तेव्हा पटलं. मी सांगत होते तो काय सबूत नव्हता?"

मग मी घरोघर गेलो. ज्यांना ज्यांना सांगितलं होतं त्यांच्यासमोर बसून, ते खोटं होतं, माझीच चूक होती, असं म्हणालो. लोकांनी चहा दिला. एक काकू माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणाल्या, "बहिणीला सांभाळून घेतोयस, चांगलं आहे. पण तूच सांगितलं होतंस ना? उगीच थोडंच कुणी सख्ख्या बहिणीबद्दल असं बोलतं." मी शपथ घेतली. जितकी घेतली तितक्या त्या समजुतीने मान हलवत राहिल्या. माझ्या शब्दावर त्यांनी एकदाच विश्वास ठेवला होता, पहिल्यांदा.

ताई परत आली. माझ्यासाठी नाही. अण्णांना घेऊन ती पुन्हा त्या दोन खोल्यांत गेली आणि ते गेले तोवर, चौदा महिने, तिने त्यांचं केलं. मी रोज येतो म्हणालो. "ये की," म्हणाली. रोज गेलो. अण्णा आधी मला ओळखेनासे झाले, मग तिला. घन अगदी शेवटी तुटला.

त्या चौदा महिन्यांत ती मला एकदाही टाकून बोलली नाही. फक्त अण्णा जेवून उठले की ताट उचलायची नाही. मी तिथे असलो तर हात पदराला पुसत माझ्यासमोर उभी राहायची.

"बघितलंस?"

"ताई, नको ना गं."

"बघ. मग घासते."

मी बघायचो. मगच ती ताट उचलायची.