अडवलेला दुखवटा

"आगं खाला, डोंगरावनं गोळी आली म्हंतो न्हवं? किती डाव सांगू?"

"डोंगरावली गोळी कातडी करपवती व्हय रं?" सबराखाला म्हणाली. "मय्यताला आंगूळ घालणाऱ्या म्हाताऱ्यानं बघितलंय. बरगडीखाली काळं पडल्यालं, नळी टेकवून मारल्यावानी. मला नाव पायजे, शाझली."

शाझली फौजेतून सुटून गावी आला तसं रोज दुपारी हेच चाललं होतं. खालाच्या धाकट्या पोराची, बखीतची, शवपेटी त्याच्या आधीच येऊन मातीत गेली होती, पण दारात मांडव पडला नव्हता. आमच्याकडं असंच आहे. माणूस मारला गेला की आधी रक्ताला रक्त घ्यायचं, मग दुखवट्याची माणसं घरात घ्यायची. तोवर आईनंसुद्धा रडायचं नाही. कुणी सांत्वनाला आलंच, तर खाला उंबऱ्यातनं सांगायची, आमच्यात कुणी मेलेलं नाही, वाटेला लागा. आत तिचा थोरला दियाब बंदुकीला तेल देत बसलेला असायचा.

नाव शाझलीला ठाऊक होतं. वाळवंटातल्या त्या चौकीवर आमच्या गावचे तिघं होते. शाझली, बखीत आणि खालच्या आळीतला हमदान. गस्तीची गाडी थांबली, हमदाननं भरल्या बंदुकीनिशी उडी टाकली, दस्ता गाडीच्या फळीवर आपटला आणि बार उडाला. नळी बखीतच्या कुशीलाच होती. शाझलीनं त्याचं डोकं मांडीवर घेतलं. बखीत घाबरला नव्हता, चिडला होता. हमदानला एक सणसणीत शिवी हासडली आणि तिथंच संपला. डोंगरावरून शत्रूची गोळी आली असं सांगायचं, हे शाझलीनंच ठरवलं. वरच्या आणि खालच्या आळीचं जुनं रक्त आत्ता कुठं वाळलं होतं.

बखीत त्याचा कोण होता, ते गावाला सांगायला नको. पोरवयात लाठी खेळताना बखीतच्याच फटक्यानं शाझलीचे पुढचे दात गेले. तेव्हापासून उसाचं कांडं बखीत आपल्या दातांनी सोलायचा आणि मग याच्या हातात द्यायचा. मिशा फुटल्यावरही. बाया हसायच्या, की शाझलीनं बायको करायची गरजच काय.

त्या दिवशी दियाबनं तेलाची चिंधी खाली ठेवली.

"आई, ह्यो नाव सांगत न्हाई, म्हंजी ह्येचाच हात हाय. उगा दुसरीकडं कशाला हुडकायचं?"

शाझलीच्या घरात म्हातारी आई आणि लग्नाला आलेली बहीण. हमदानचं नाव घेतलं तर उद्या हमदान, परवा दियाब, आणि मग गावात मोजायला कुणी उरायचं नाही. तो खाली बघून बोलला.

"बखीतच्याच हातनं त्येची बंदूक उडाली, खाला. पुसाय घेतली, आतली गोळी काढली न्हवती. शहीद म्हणून तुझी मान वर ऱ्हावी, म्हणून खोटं बोललो."

खालानं कुराण आणवलं. त्यानं त्यावर हात ठेवून शपथ वाहिली. अशी खोटी शपथ घेणारा आंधळा होऊन मरतो म्हणतात. शाझलीला अजून चांगलं दिसतं.

खालानं कुराण उचलून फडक्यात बांधलं.

"म्हंजी माझं लेकरू बिनअकली मेलं. आन तू बगत बसलास. तुझ्या आईनं तुला पाजलं, त्यापरीस म्हशीच्या रेडकाला पाजलं असतं तर बरं. मांडव घालतो आता आमी. तू येऊ नगं."

मग ती रडली. पार खालच्या आळीपर्यंत ऐकू आलं.

मांडव पडला. कुराण वाचणारा आला, बिनसाखरेची काळी कॉफी फिरली. रक्ताचं काही उरलं नाही म्हटल्यावर खालची आळीही आली. हमदान पहिल्या रांगेत बसला आणि त्याच्या हातात कप दियाबनं दिला. शाझली आपल्या ओट्यावर बसून ऐकत होता. आईनं विचारलं, तू रं? म्हशीला वैरण टाकायचीय, म्हणाला.

पुढं ऊसतोड लागली. कारखान्याचे डबे रुळावर येऊन उभे राहिले आणि दोन्ही आळ्यांची माणसं एकाच फडात शिरली. चहाला सगळे बांधावर टेकले. दियाबही होता. हमदाननं कपात साखर ढवळत विषय काढला.

"बखीतचा हात पयल्यापास्नंच तसला. चौकीवर मी घसा फोडून सांगायचो, लेका, पुसायच्या आदी गोळी काढ. ऐकंल तर शप्पत. काय रं शाझली, सांगायचो का न्हाई?"

माणसं शाझलीकडं बघायला लागली. दियाब जरा जास्तच वेळ बघत राहिला.

"व्हय," शाझली म्हणाला. "सांगायचास."

कुणीतरी च्च केलं. म्हातारा मुकादम म्हणाला, आता उठा, डबे रिकामे गेले तर मला बोलणी बसतील.

शाझलीनं कपातला चहा बांधावर ओतला, कोयता घेतला आणि सरीत वाकला. बुडख्यातनं ऊस तोडायचा, पाचट साळायचं, शेंडा उडवायचा, मागं टाकायचा. मागं हमदान मोळ्या बांधत येत होता.