मागून उचललेली गाडी घेऊन नेरला

फुलसावंगी सोडली तेव्हा गाडी मागून डावीकडे अशी उचललेली होती, की माणसं वळून बघत होती. जुना मित्र देवराव याच्या दारात ती उभी करायची आणि परत घ्यायला लावायची, म्हणून मी नेरला निघालो होतो. त्यानेच दसऱ्याला ती मला विकली. स्प्रिंगऐवजी हवेच्या फुग्यांवर चालते, ओझं कितीही टाका, आपोआप समतल राहते, असं म्हणून. कापसाच्या बाजारात मी शून्यातून उभा राहिलो. मला सहसा कोणी फसवत नाही. वर्कशॉपवाल्याने फुगे, पंप, सगळंच बदला म्हटल्यावर माझं डोकं फिरलं. सकाळी फोनवर देवरावला नको नको ते बोललो.

महागाव, आर्णी मागे पडलं. दोन्हीकडे कापूस फुटलेला. एरवी थांबून बोंड हातात घेतलं असतं. यवतमाळात शिरताना गाडीतला इशाऱ्याचा पिवळा दिवा लागला आणि मी ओळखीच्या सलीमभाईंच्या गॅरेजात वळलो. त्यांनी स्कॅनर जोडला. पडद्यावर चारही कोपऱ्यांची उंची उमटली.

"मशीन म्हणते हा कोपरा खाली बसला," ते म्हणाले, "अन् डोयाले (डोळ्यांना) तं उचलेला दिसून राह्यला."

म्हणजे पंप खोट्या आकड्यावर विश्वास ठेवून हवा भरतच होता! सलीमभाई उंची मोजणारा सेन्सर बदलू म्हणाले. मी म्हटलं, थांबा. चहा प्यायला आलेल्या दोघांना डिकीत बसवलं, मग उतरवलं. तीन आकडे हलले, चौथा दगडासारखा. पोतं ठेवा, काढा, जागचा न हलणारा वजनकाटा बाजारात मी पाहिला आहे. तो बिघडलेला नसतो, अडकवलेला असतो.

"खाली पाहा," मी म्हटलं.

सलीमभाई बॅटरी घेऊन गाडीखाली सरकले आणि तिथूनच हसू लागले. "भाऊ, हे खेटर (जुनी चप्पल) कोनं बांधलं?"

नजर लागू नये म्हणून माझ्या मेहुण्याने बांधलं होतं. तेही सेन्सरच्या नाजूक दांडीला, तारेने आवळून. तार कापताच आकडा झरझर वर गेला. सलीमभाईंनी नोंदलेला दोष पुसला, आणि गाडी फुस्स करत सरळ बसली. मी लहान मुलासारख्या टाळ्या वाजवल्या.

नेरला देवराव दारातच उभा होता. तोंड उतरलेलं.

"ठेव चाबी. गाडी घेतो वापस, गोष्ट खतम."

"देत नाही."

"काहून?"

मी खेटर ओट्यावर ठेवलं, सगळं सांगितलं. त्याने खेटर उचलून हातात घेतलं.

"हे तं सकायीच मारलंतं ना मले, फोनवर."

बाजारात भावाला भाव सांगणारी माझी जीभ तिथे अडली. "चूक झाली," एवढंच निघालं. तो आत गेला, तार घेऊन आला आणि ते खेटर त्याने स्वतः गाडीच्या मागच्या हुकाला बांधलं, सेन्सरपासून लांब.

परतताना गाडी रस्त्यावर पाण्यासारखी समतल धावत होती. मागे खेटर डुलत होतं. मेहुण्याला काय काय सुनावायचं ते मी आर्णीपर्यंत जुळवत आणलं, आणि घरी पोचलो तेव्हा फोन केलाच नाही.