मामांचा अंगठा आणि मडमेची गत

माझं लग्न पायाच्या अंगठ्यावरून ठरलं.

दोष सगळा मडमेचा. अमरावतीत कापसाच्या जिनिंगची यंत्रं सांभाळायला एक अमेरिकन साहेब आला होता, त्याची ही बायको. बाबा तिच्या बंगल्यावर भाजी-फुलं पोचवत, मी टोपली घेऊन मागे. टोपली उतरली की मी थेट पियानोपाशी! लग्नाआधी मडम तिकडे अमेरिकेत रॅगटाइम नावाच्या नाचऱ्या गती रचायची. त्यात डावा हात शहाण्यासारखा ठेका धरतो आणि उजवा मध्येच उडी मारतो. छापताना नावाचं नुसतं आद्याक्षर टाकायची, म्हणजे लोकांना वाटावं, असेल कोणी बाप्या! गावंच्या गावं त्यावर नाचली. मग लग्न झालं. साहेब म्हणाला, घरंदाज बायका असलं वाजवत नाहीत, आणि पियानोचं झाकण बंद. आता तो कारखान्यात गेला की ते उघडायचं.

"तुम शादी बनाओ, तो आदमी का पाँव देखो," मडम मला बजावायची. "तुम्हारे बाजे पर पाँव हिला, तो अच्छा आदमी. नहीं हिला, तो भागो!"

हे मी गाठीशी बांधलं. घरी बाबांच्या भजनी मंडळाची पेटी होती, तिच्यावर माझा जीव. लग्नानंतर वाजवणं सुटू नये, एवढंच मला हवं होतं.

अकोल्याचे पाहुणे मला पाहायला आले, तेही नवरदेवासकट (त्या काळी नवलच!). सगळ्यांत मोठे नवरदेवाचे मामा. मायनं दाराआड दम भरला, "मान वर करजो नोको. अन् मामा पुरे म्हणेस्तोवर थांबजो नोको!"

मी मान खाली घालून पेटीशी बसले. दिसत होते ते फक्त पाय. सुरुवात अभंगानंच केली, देवाशपथ! पण घाबरले की माझ्या बोटांना मडमेचीच गत आठवायची. बोटं उड्या मारू लागली, आणि समोर एक अंगठा हलला. गलेलठ्ठ, काळ्या नखाचा. टप, टप! हाच नवरदेव! मी खूश. वेग वाढवला. मग टाच आपटायला लागली, मग अख्खा पाय! पाण्याचा गडवा कलंडला, पानाचं तबक बाबांच्या मांडीवर उपडं झालं. कोणी पुरे म्हणेना, मी थांबेना! शेवटी पेटीचा भाताच फाटला.

"गेलं स्थळ!" पाहुणे गेल्यावर बाबांनी कपाळाला हात लावला. पण दुसऱ्या दिवशी निरोप आला, पोराले पोरगी पसंत. मी तो अंगठा आठवला आणि हो म्हणून मोकळी झाले.

लग्नात मायबाबा नवरदेवाचे पाय धुवायला बसले. मी डोळे फाडून पाहिलं. नखं सगळी लख्ख! काळं नख शेजारी, मामांच्या पायाला!

"मामाजी," सगळं उरकल्यावर मी विचारलंच, "तुमाले माही पेटी लय आवडली होती नं?"

"आवडली? अवं, तोंडात पान होतं माह्या! पायानं पुरे, पुरे म्हणून राहिलो होतो!"

मी नवऱ्याकडे वळले. "अन् तुमचा पाय काहून नाही हलला?"

"मी तुह्याकडे पाहून राहिलो होतो," तो म्हणाला. "पायाचं ध्यान कोणाले?"

आता यावर काय भांडणार! त्याला ताल म्हणून कळत नाही. पण मी पेटीवर बसले की भाता मारायला हा समोर हजर. माझे सूर एकीकडे, ह्याचा भाता भलतीकडे. अकोल्यात माझं मोठं नाव आहे. लोक म्हणतात, बाई आरतीसुद्धा काय नाचरी वाजवतात! मी आपली साधी आरतीच वाजवत असते.