हनवटीवरचे तीन ठिपके

आईचा चेहरा मी पुसला होता. तो बिबवेवाडीच्या फोटोवाल्या काकांनी परत आणला. हे आधी सांगतो, मग बाकीचं.

चष्मा कपाळावर ढकलून ते कॉम्प्युटरला नाक लावून बसायचे आणि प्रत्येक काळ्या ठिपक्यापाशी थांबून गिऱ्हाइकाला विचारायचे, "डाग की माणूस?" तुम्हीही असा एखादा दुकानदार पाहिला असेल, ज्याच्या पायरीवरच आपलं काहीतरी चुकलंय असं वाटतं.

माझं तर चुकलंच होतं. मी गोंदियाकडचा. नववीत शाळा सुटली, इथे फरशी बसवतो. आईचा एकमेव फोटो बाबांनी मोठा करून आणायला माझ्याकडे दिला होता. बुरशी दिसली म्हणून मी तो ओल्या फडक्याने पुसला. एक गालच फडक्यावर आला. परवा तिचं वर्षश्राद्ध, आज चारची गाडी, आणि बाबांना यातलं काहीच माहीत नाही.

"काका, लवकर करा ना."

"घाई पुसताना केलीत ना? तेवढी पुरे."

धड गालावरून त्यांनी गेलेला गाल बांधला. मग हनवटी. स्क्रीनवर एकेक ठिपका बशीएवढा.

"डाग की माणूस?"

"डाग, काका. सगळे डागच." माझं लक्ष घड्याळाकडे.

त्यांनी फोटो लहान केला. कोरी, स्वच्छ हनवटी. कोणी दुसरीच बाई माझ्याकडे बघत होती.

"काका, गोंदण! आईला गोंदण होतं."

"किती ठिपके?"

इतकी वर्षं त्या तोंडाकडे बघितलं, आणि आकडा माहीत नाही! घाबरत मावशीला फोन लावला.

"तीन रे बाबू. आमी दोघी बहिनी एकाच दिवशी गोंदलो. तुह्या मायनं हनुवटी हलवली, मंग मधला टिपका खाली घसरला."

काकांनी पुसलेलं सगळं परत आणलं. बुरशीच्या गर्दीत दोन ठिपके एका ओळीत, मधला जरासा खाली. त्यावर त्यांनी नुसतं बोट ठेवलं. विचारलं नाही. बाकीचे एकेक करून काढले.

आई आली. मला रडू फुटलं.

"अहो, प्रिंट ओली आहे. लांब उभे राहा."

गाडी मिळाली. घरी बाबांनी फोटोतल्या हनवटीवरून हळूच बोट फिरवलं. मी तेव्हा सगळं कबूल केलं.

परत आलो तर दुकानाला कुलूप. शेजारचे म्हणाले, डोळ्यांचं ऑपरेशन झालंय, आता वाघोलीला मुलाकडेच राहणार. तिथे नव्या घराचं काम निघालंय.

काकांच्या खोलीची फरशी मी बसवणार. त्यांना अजून ठाऊक नाही, पण बसवणार.