फिकट अक्षरं

तासगावहून आलेला बेदाण्याचा पुडा फोडला आणि त्या आंबूस-गोड वासाने माझे वडील, आप्पा, आठवले.

बऱ्याच वर्षांपूर्वी आमच्या बेदाण्याच्या वेबसाइटचं पान मी कॉम्प्युटरवर सजवत होते. शेजारी बसलेले आप्पा म्हणाले, "आक्षरं वाईच मोठी कर की गं."

"बटबटीत दिसतं, आप्पा," म्हणत मी ती उलट बारीक आणि फिकट राखाडी केली.

"मग वाचून दाखव की गं."

कौतुक ऐकायचं असेल, असं वाटून मी भरभर वाचलं. "लय झ्याक झालंय," म्हणत ते उठले आणि दाराची चौकट चाचपत बाहेर गेले.

आज पुड्यावरचं बारीक छापलेलं मला दिसेना. मी लेकीला म्हणाले, "वाचून दाखव की गं." म्हटलं आणि उमगलं. आप्पांना तेव्हा ते पान दिसलंच नव्हतं.