शिवेवर गाणारा पोतराज

पोतराज हसायला लागला, तेव्हापासून गावाला त्याची जास्तच भीती वाटू लागली. आधीची भीती रीतसर होती. कमरेला रंगीत चिंध्या, पाठीवर मोकळे केस, पायात घुंगरं आणि हातात आसूड. मरीआईचं नाव घेऊन तो स्वतःच्याच पाठीवर आसूड ओढायचा, आणि बायका पोरांना आत ओढून घाईघाईनं सुपात जोंधळे आणायच्या. मग एकदा तो सोलापूरकडच्या कुणा पाद्रीकडे जाऊन, बाप्तिस्मा घेऊन परत आला. केस कापलेले, अंगावर साधं धोतर, आणि तोंडभर हसू. विनाकारण खूश दिसणारा पोतराज काही केल्या गावाच्या पचनी पडेना. नाव मात्र कुणी बदललं नाही, पोतराज तो पोतराजच राहिला.

मुरुमजवळच्या त्या गावात मी नुकतीच सून होऊन आले होते. निजामाचा अंमल होता. सासऱ्यांचं धान्याचं दुकान होतं आणि घरात निम्मं बोलणं कानडीत, निम्मं मराठीत चालायचं. देवीची चाकरी सोडल्यावर पोतराज आमच्या मागच्या अंगणात बसून बैलांसाठी दोर वळायचा. उघड्या पाठीवरचे जुने वळ उन्हात चकाकायचे. मला ते बघवत नसत, तरी नजर पुन्हा पुन्हा तिकडेच जायची.

एकदा मी धीर करून विचारलं, की मामा, त्या पाद्रीनं तुम्हाला असं दिलं तरी काय? त्याचे हात थांबले नाहीत.

"काय न्हाय दिलं, अक्का. 'भिऊ नको' म्हनला. जलमात मला आसं कुनी म्हनलं नव्हतं." मग पाठ माझ्याकडे करून म्हणाला, "माज्या येसूनं बी चाबूक खाल्लाय. माज्या वाट्याचा बी त्यानंच खाल्ला. आता मला मारून घ्यायचं काम न्हाय."

तो जिथंतिथं गायचा. चाल जुनी, मरीआईच्या गाण्याचीच, फक्त नाव येशूचं. त्याची बायको पूर्वी देवीचा देव्हारा डोक्यावर घेऊन त्याच्या मागं फिरायची आणि त्याची ओळ संपली की ती उचलून झील धरायची. आताही तीच झील धरायची. तिनं बाप्तिस्मा घेतला होता, पण तिची भीती काही गेली नव्हती. कुणी पाहत नाही असं बघून ती दाराच्या चौकटीत लिंबू ठेवायची, आणि तो ते उचलून कालवणात पिळायचा. रागावायचा मात्र नाही. म्हणायचा, "भ्या लई जुनं हाय तिचं. सावकाश जाईल."

अशात पटकीची साथ आली. आमच्याकडची रीत अशी, की रोग गावाबाहेर घालवायला मरीआईचा लहानसा लाकडी गाडा शिवेपर्यंत ओढत न्यायचा. पुढच्या गावानं तो तिथून आपल्या पलीकडच्या शिवेला न्यायचा. ओढणारानं मागं वळून बघायचं नाही. शेजारच्या गावानं गाडा आणून आमच्या शिवेवर उभा केला. त्यात हिरवा खण, लिंबं, हळदकुंकू आणि दोरीला ओवलेल्या बांगड्या. गाड्याला हात लावायचा मान पोतराजाचा, आणि आमचा पोतराज तर ख्रिस्ती झालेला. दुसऱ्या गावचा कुणी पोतराज आमच्याकडे पाऊल टाकायला तयार नव्हता.

गाडा शिवेवर तसाच राहिला. टळटळीत दुपारी सगळी दारं बंद असायची, कुत्रीसुद्धा भुंकत नसत. वारा सुटला की शिवेवरच्या बांगड्या किणकिणायच्या, आणि कुणीतरी आत येण्यासाठी थांबलंय असं वाटायचं.

सासरे पोतराजाकडे गेले. त्यांनी समजावलं, मग दम भरला, की एकदाच ओढ, नाहीतर बायकोला घेऊन गाव सोड.

तो म्हणाला, "मालक, म्या मरीआईची लई वर्सं चाकरी केली. टिंगल करायची न्हाय मला. पर गाडा ओढनार न्हाय आन् गाव बी सोडनार न्हाय. म्या शिवंवर जाऊन बसतो. राग यायचा आसंल तर पैला माज्यावर यिऊ द्या."

आणि खरंच बसला. सकाळी आजारी घरांतली घाण उपसून चुना टाकायचा, कुणी नाही म्हणायच्या मनःस्थितीतच नव्हतं. दुपारी गाड्याशेजारी बसून गायचा. शिवेलगतच्या त्याच्या घरातून बायको झील धरायची. गाणं ऐकू आलं की गाव म्हणायचं, अजून जिवंत आहे. हळूहळू बायका दार उघडून पाण्याला जाऊ लागल्या. माझाही धीर परतला.

मग एका दुपारी एकच आवाज आला. तो ओळ म्हणून थांबला, झील आली नाही. गाणं तिथंच तुटलं. बायकोला पटकीनं गाठलं होतं, आणि दुसरा दिवस उजाडायच्या आत ती गेली. त्यानं एकट्यानं खड्डा खणून तिला पुरलं. मरीआईनं बदला घेतला, असं जो तो कुजबुजत होता. आता हा पुन्हा केस वाढवून देवीकडे वळतो की नाही, एवढंच सगळ्यांना बघायचं होतं. मला त्या माणसाची फार काळजी वाटत होती, आणि त्याच्या त्या हसण्याचीही.

सासऱ्यांनी त्याला रस्त्यातच गाठून विचारलं, की आता कुठं गेला तुझा आनंद?

"कुटं जातोय, मालक. हितंच हाय. माज्यासंगट बसून रडतोय त्यो बी."

सासरे मागं फिरून घरी आले.

त्या दुपारी सारा गाव कान देऊन बसला होता. बराच वेळ नुसत्या बांगड्या वाजत राहिल्या. मग त्याचा आवाज आला, फाटलेला, पण चाल तीच. ओळ संपली आणि तो थांबला. त्या थांबलेल्या जागी झील आली. बाईचा आवाज, बारीक आणि स्वच्छ. माझ्या हातातलं सूप खाली पडलं. ओसरीवर बसलेल्या सासऱ्यांनी मान वर केली.

"ती कोण गातेय गं?" त्यांनी विचारलं. 

साथ ओसरली. पुढच्या पावसाळ्यात गाडा जागीच कुजला. ती झील ऐकल्याचं सासऱ्यांनी पुन्हा कधी बोलून दाखवलं नाही. पोतराजाला विचारायला मलाही जमलं नाही, त्याची जखम उकरल्यासारखं होईल असं वाटायचं.

रझाकारांच्या धामधुमीत बरीच घरं सीमेपार सोलापूरकडे निघाली, त्यांत तोही निघाला. निरोप घ्यायला मागच्या दारी आला. बोलता बोलता त्यानं बायकोची आठवण काढली. शेवटच्या घटकेला ती भ्याली नाही, उलट गा म्हणाली, पण त्याला तेव्हा रडण्यापुढं गाता आलं नव्हतं. मग मला राहवलं नाही. मी विचारलं, "मामा, ती गेल्यावर त्या दुपारी झील कुणी धरली हो?"

त्याच्या खांद्यावरची वळकटी खाली घसरली. 

"म्हंजी," तो म्हणाला, "तुमाला बी ऐकू आली?"

आणि तो आमच्या उंबऱ्यावर बसून लहान मुलासारखा हसायला आणि रडायला लागला.